काट्याला न दिसलेलं

आईच्या शेवटच्या वर्षात तिला आंघोळ मी घालत असे. त्याआधी तिचं उघडं शरीर मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाठीवरून पाणी सोडताना, साबणाचा हात फिरवताना हळूहळू लक्षात यायला लागलं, की हे शरीर दोन वेगळ्या बायकांचं जोडून केल्यासारखं दिसतंय. मध्ये गोल, घट्ट, पुढे आलेलं पोट आणि खाली काटक्यांसारखे पाय. मांड्यांवरची कातडी सैल लोंबत होती, आतलं काहीतरी कुणी काढून नेल्यासारखी. बेंबीच्या दोन्ही बाजूंना गोटीएवढ्या मऊ गाठी होत्या. वर्षानुवर्षं ती तिथेच इन्सुलिन टोचून घेत आली होती.

"आई, दुखतं का गं इथे?"

"छे गं. तिथे सुई गेलेली कळतसुद्धा नाही. म्हणून तर तिथेच घेते."

त्या गाठी चरबीच्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. इन्सुलिन हे शरीराला चरबी साठवायला सांगणारं हार्मोन. रोज एकाच जागी टोचत राहिलं की तिथली चरबी फुगते, जागा बधिर होते आणि मग तिथे दिलेलं इन्सुलिन रक्तात कधी लवकर उतरतं, कधी उशिरा. आईची शुगर कारण नसताना वरखाली होते म्हणून आम्ही तिच्यावर किती चिडलो होतो! सुईची जागा बदलत राहायची, एवढी साधी गोष्ट आम्हाला कुणीतरी सांगायला हवी होती.

आज मी ६३ वर्षांची आहे. मधुमेहाला ९ वर्षं झाली. आणि आंघोळ करून आरशासमोर उभी राहिले की तेच शरीर समोर दिसतं. गाठी नाहीत, बाकी सगळं आईचं.

माझी पाळी ५१व्या वर्षी गेली. त्याच्या अलीकडची-पलीकडची मिळून पाच-सहा वर्षं धरली, तर काट्यावर माझं वजन जेमतेम ३ किलोंनी वाढलं होतं. पण कपडे कमरेत होईनात आणि मांडीत ढगळ व्हायला लागले. मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी वजनाचा आकडा पाहिला, फाइलमध्ये लिहिला आणि म्हणाले, "वयानुसार एवढं चालायचंच. तोंडावर ताबा ठेवा." ५४व्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हाही हेच वाक्य ऐकायला मिळालं. त्या वाक्याने मला बरीच वर्षं छळलं. मी ताबा ठेवला होता, खरंच ठेवला होता. तरी पोट वाढत होतं. म्हणजे एक तर मी खोटं बोलत असणार, नाही तर मला स्वतःचंच कळत नसणार, असं घरच्यांना वाटे. पुढे पुढे मलाही तसंच वाटायला लागलं.

अमेरिकेत १९९६ साली 'स्वान' नावाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. रजोनिवृत्तीच्या अलीकडून पलीकडे जाणाऱ्या स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची, असं त्याचं स्वरूप. त्यातून २०१९ साली आलेल्या एका विश्लेषणाबद्दल वाचलं, त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बसून राहिले. वजनाचा आलेख या सगळ्या काळात संथपणे, जवळपास सरळ रेषेत वर जातो. त्यात कुठे वळण नाही. पण शरीरात चरबी किती आणि बाकीचं मांस किती हे वेगवेगळं मोजलं, तर चित्र निराळं दिसतं. शेवटची पाळी येण्याच्या आधीच चरबी वाढायचा वेग दुप्पट होतो आणि त्याच सुमारास स्नायू घटायला लागतात. शेवटच्या पाळीनंतर साधारण २ वर्षांनी हे स्थिरावतं. एका दाराने चरबी आत येते, दुसऱ्या दाराने स्नायू बाहेर जातात. बेरीज-वजाबाकी होऊन काट्यावर उरतं ते नेहमीचंच. माझे ३ किलो म्हणजे नेमकं काय होतं, ते मला त्या दिवशी समजलं. खरं तर माझ्या कपड्यांना ते आधीच समजलं होतं.

तरुणपणी मला माझ्या मांड्यांची लाज वाटायची. मावशी एकदा चारचौघांत म्हणाली होती, "पोरगी खालून जड आहे." त्यानंतर कितीतरी वर्षं मी बसताना मांडीवर काहीतरी घेऊनच बसत असे. त्या मांड्या माझ्यासाठी काय करत होत्या, हे तेव्हा मावशीला माहीत नव्हतं आणि मलाही.

वयात आल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवायला लागतं आणि मुलीच्या शरीरातली चरबी मांड्या आणि नितंब यांच्याकडे वळते. तिथल्या चरबीच्या पेशी रक्तातला मेद ओढून घ्यायला तयार असतात आणि एकदा घेतलेला सहजासहजी सोडत नाहीत. ही एक प्रकारची मुदत ठेव. गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळाला पाजताना ती मोडली जाते, एरवी तिला फारसा हात लागत नाही. पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या भोवती साठणारी चरबी म्हणजे चालू खातं. जरा ताण आला, जरा उपास घडला की तिथून मेदाम्लं बाहेर पडतात, आणि तीही भलत्याच ठिकाणी. आतड्यांकडचं रक्त ज्या शिरेतून थेट यकृतात जातं, त्याच शिरेत ती उतरतात. मांड्यांतल्या चरबीने जे वर्षानुवर्षं मुकाट्याने धरून ठेवलं होतं, त्याचा लोट आता यकृतावर येतो.

पाळी थांबते म्हणजे अंडाशयातलं इस्ट्रोजेन आटतं. 'खाली साठव' असं सांगणारा आवाजच बंद होतो. त्यानंतरची चरबी पुरुषांसारखी पोटात जायला लागते. यात बाईचा आळस कुठे आला आणि तोंडावरचा ताबा कुठे आला? खाण्याचा आणि हालचालीचा संबंध नाही, असं मी म्हणत नाही, तो आहेच. पण तेवढंच खाऊन, तेवढंच चालून साठवणीची जागा बदलते, हे त्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझी कितीतरी वर्षं वेगळी गेली असती.

आणि सकाळची शुगर! मधुमेह असलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे ती गोष्ट. रात्री वेळेवर जेवायचं, नंतर तोंडात काही टाकायचं नाही, आणि सकाळी बोटाला सुई टोचली की आकडा झोपतानापेक्षा जास्त. ही साखर आली कुठून? ती यकृताने रात्रभर तयार केलेली असते. रात्री मेंदूला साखर पुरवत राहणं हे यकृताचं कामच आहे, आणि 'आता पुरे' हे त्याला इन्सुलिन सांगत असतं. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द मधुमेहाच्या कितीतरी आधीपासून होते. "ते बहुतेकांना असतं," असं म्हणून तेही बाजूला ठेवलं गेलं.

चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, ही गोष्ट नवी नाही. फ्रान्समधल्या मार्से शहरातले डॉक्टर ज्याँ व्हाग यांनी ती १९४७ साली मांडली. पुरुषी ठेवणीचा लठ्ठपणा आणि बायकी ठेवणीचा लठ्ठपणा अशी विभागणी त्यांनी केली आणि पहिल्या प्रकारात मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार जास्त दिसतात, असं सांगितलं. बायकी शरीरावर पुरुषी ठेवण आली तरी तेच घडतं, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे आई ऐन तारुण्यात असताना ही माहिती जगात होती.

यावरचा मला सगळ्यांत बोलका वाटलेला प्रयोग २००४ सालचा. लठ्ठ असलेल्या १५ स्त्रिया, त्यांपैकी ७ जणींना टाइप २ मधुमेह. लायपोसक्शन करून त्यांच्या पोटाच्या कातडीखालची चरबी काढली, थोडीथोडकी नाही, सुमारे १० किलो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, रक्तातले मेद, कशातच सुधारणा नव्हती. काढलेली चरबी कातडीखालची होती. आतड्यांभोवतीची, यकृतातली, स्नायूंतली होती तिथेच राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. पोटाचा घेर शस्त्रक्रियेने उतरला तरी मधुमेहाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

याची दुसरी बाजू तर अंगावर काटा आणते. काही माणसं जन्मतः जवळपास चरबीविना असतात. लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात त्याला. बारीक, शिरा दिसणारं अंग. आपल्याला वाटावं, यांना कसला मधुमेह? पण त्यांना तो होतो आणि फार तीव्र होतो. मेद ठेवायला कातडीखाली जागाच नाही, मग तो यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो. हे वाचल्यापासून 'चरबी' हा शब्द मी शिवीसारखा वापरत नाही. योग्य जागी असलेली चरबी आपल्याला सांभाळत असते. प्रत्येकीच्या शरीराची ती सांभाळण्याची क्षमता वेगळी. एखादीची ८५ किलोंनाही संपत नाही, एखादीची ५५ किलोंना संपते. माझी आई कधीच ५८ किलोंच्या वर गेली नव्हती.

आता हार्मोनांबद्दल. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण 'पाळी गेली, हार्मोन्स संपले' असं आम्ही बायका सरसकट म्हणतो आणि ते खरं नाही. अंडाशयातलं इस्ट्रोजेन संपतं, पण चरबी स्वतःच इस्ट्रोजेन तयार करते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी आणि थोड्या प्रमाणात म्हातारं अंडाशयही पुरुषी जातीची हार्मोन्स बनवत राहतात. चरबीतलं अॅरोमाटेझ नावाचं एन्झाइम त्यांचं इस्ट्रोजेन करतं. म्हणून साठीनंतर जाड बाईच्या रक्तात बारीक बाईपेक्षा जास्त इस्ट्रोजेन सापडतं. मग ते तिला मधुमेहापासून वाचवत का नाही? कारण या वयात ते वाढलेल्या चरबीची खूण असतं. ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांच्यातच मधुमेहही जास्त आढळलाय.

या घरगुती इस्ट्रोजेनचा एक धोका प्रत्येक बाईला माहीत असायला हवा. गर्भाशयाच्या अस्तराला ते वाढत राहायला सांगतं आणि त्याला लगाम घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन या वयात नसतं. अशा वाढीतून कर्करोग होऊ शकतो. माझ्या ताईला ५९व्या वर्षी एक दिवस रक्ताचा डाग दिसला. 'पाळी परत आली की काय' असं वाटून ती लाजेने चार महिने गप्प बसली. नशीब, तरीही वेळेत सापडलं. गर्भाशय काढलं, ताई आज ठणठणीत आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरांकडे जायचं, त्याच आठवड्यात. मधुमेह असेल आणि पोट सुटलेलं असेल तर जास्तच घाईने.

दुसरी गोष्ट हनुवटीवरच्या केसांची. मी ती कुणाशी बोलले नव्हते, पण आता बोलते. यकृत एक प्रथिन तयार करतं, त्याचं छोटं नाव एसएचबीजी. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला ते धरून ठेवतं, मोकाट सुटू देत नाही. यकृतात चरबी साठली, रक्तात इन्सुलिन चढं राहिलं की हे प्रथिन कमी बनतं आणि टेस्टोस्टेरॉन जास्त मोकळं राहतं. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त तर मधुमेहाची शक्यता जास्त. पुरुषांमध्ये नेमकं उलट, त्यांच्यात ते कमी असलं तर शक्यता जास्त. आणि एसएचबीजी कमी असणं हे पुढे होऊ घातलेल्या मधुमेहाचं चिन्ह असतं, हे २००९ सालच्या संशोधनातून ठळकपणे पुढे आलं. म्हणजे पोटातली चरबी, यकृत, इन्सुलिन आणि हनुवटीवरचा केस या एकाच गोष्टीच्या चार जागा आहेत. मी मात्र एकासाठी पार्लरमध्ये, एकासाठी पोटाच्या डॉक्टरांकडे आणि एकासाठी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जात होते.

मग बाहेरून इस्ट्रोजेन का घेऊ नये, हा प्रश्न मलाही पडला होता. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'च्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी निघालं, हे खरं आहे. पण स्तनांचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वाढताना दिसल्या म्हणून चाचणीचा तो भाग २००२ साली मध्येच थांबवावा लागला. पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी ती औषधं आजही दिली जातात, योग्य बाईला आणि योग्य वयात. मधुमेह टाळायला म्हणून मात्र ती द्यायची नसतात.

औषधांमधलं एक उदाहरण मला विलक्षण वाटतं. पायोग्लिटाझोन ही गोळी घेतली की वजन वाढतं, तरी शुगर सुधारते, कारण ती मेदाला यकृतातून हलवून कातडीखाली नेऊन ठेवते. वाढलेला काटा इथे बरं होत असल्याचं सांगतो. अर्थात तिने अंगावर सूज येते, हृदय कमजोर असणाऱ्यांना ती चालत नाही आणि बायकांमध्ये हाडं मोडण्याचा धोका वाढतो, म्हणून माझ्या आताच्या डॉक्टरांनी मला ती दिलेली नाही.

आताच्या या डॉक्टर बाई आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी काट्याकडे नंतर पाहिलं, आधी टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. "काकू, पोट आत घेऊ नका, मी काही परीक्षक नाही," असं त्या हसून म्हणाल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घेर ९१ सेंटिमीटर भरला. माझी उंची १५४. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा, हा हिशेब त्यांनी मला तेव्हा सांगितला. म्हणजे ७७. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत बायकांसाठी ८० ओलांडलं की धोका वाढतो आणि ८८ ओलांडलं की बराच वाढतो. मग त्यांनी मांडीचाही घेर घेतला. तो आजवर कुणीच मोजला नव्हता.

"हा कमी होऊ द्यायचा नाही," त्या म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला मांड्या राखायला सांगत होतं. २०१९ साली पाळी गेलेल्या आणि वजनाने अगदी 'नॉर्मल' असलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास आला आहे. त्यात धडावर सर्वांत जास्त आणि पायांत सर्वांत कमी चरबी असलेल्या स्त्रियांना हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका उलट ठेवणीच्या स्त्रियांच्या तिपटीहून अधिक निघाला. वजन नॉर्मल असून! आणि मधुमेह झाला की बाईला हृदयाच्या बाबतीत असलेलं जन्मजात कवच गळून पडतं. साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१४ साली केलेल्या विश्लेषणात मधुमेहामुळे हृदयविकाराची जोखीम जितक्या पटीने वाढते, ती पट बायकांमध्ये पुरुषांपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त आढळली. माझी आई मधुमेहाने गेली असं आम्ही म्हणतो. ती हृदयाने गेली. छातीत दुखत नव्हतं, नुसतं मळमळतंय आणि थकवा आलाय म्हणत होती, आणि आम्ही तिची शुगर मोजत बसलो.

मांडीत चरबीच्या खाली स्नायू असतात आणि माझ्या हातात आता तेच आहेत. गेलेली चरबी मला मांडीवर परत आणून लावता येणार नाही. पण इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायूच उचलतात, आणि शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत आहेत. व्यायामाने पोटाच्या आतली चरबी उतरते, काटा हलला नाही तरी उतरते. साठीनंतर नुसतं वजन उतरवण्याच्या मागे लागलं, तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग आईसारखे पाय होतात. म्हणून मी आता खुर्चीवरून उठते आणि बसते. हात न टेकता. तोच व्यायाम डॉक्टरांनी आधी दिला, पुढे वजनं दिली, पण खुर्ची मी सोडलेली नाही.

खुर्ची आईचीच आहे. शेवटच्या वर्षी ती या खुर्चीतून एकटी उठू शकत नसे. मी समोर उभी राहायचे, ती माझे दोन्ही हात धरायची, "एक, दोन, तीन" म्हणायची आणि तीनला माझ्यावर सगळा भार टाकून उठायची. पहिल्या दिवशी मला हात न टेकता चार वेळा उठता आलं. गुडघे वाजत होते. गेल्या आठवड्यात घेर ८६ भरला, मांडी होती तेवढीच आहे, वजन दीड किलोंनी उतरलंय. आज सकाळी अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी मी अर्ध्यावर थांबले, पाय थरथरत होते, आणि तोंडातून आपसूक निघालं, "एक, दोन, तीन."